जुन्या मोटारीच्या इंजिनांतून होणारी तेलगळती: तिची परीक्षा व उपाय

वंगणावांचून चाक चालत नाहीं, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. बैलगाडीच्या आंसास वंगण कमी पडलें म्हणजे तो करकरूं लागतो व धन्यास आपण होऊन सूचना देतो. मोटारीच्या इंजिनाची गोष्ट निराळी आहे. त्यांतील तेल कमी झालें तरी तें पुष्कळ काळपर्यंत मुकाट्यानें चालतें. आणि जेव्हां त्यांतून ठोके ऐकूं येऊं लागतात, तेव्हां आंतील बेअरिंगें बहुधा खराब होऊन गेलेलीं असतात. म्हणून गाडीखालीं जमिनीवर पडणारा तेलाचा डाग हीच इंजिनानें दिलेली आगाऊ सूचना समजली पाहिजे. ती सूचना नीट वाचावी कशी, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

आमच्या नागपूर जिल्ह्यांत व आसपासच्या भागांत पुष्कळ शेतकरी कुटुंबांपाशीं जुन्या मोटारी अद्याप आहेत. कोठें गोठ्याशेजारीं महिंद्रांची जीप उभी असते, कोठें वडिलांच्या वेळची अँबॅसेडर, तर कोठें पद्मिनी. महिंद्रांनीं विलिस जीपची जुळणी १९४७ सालीं सुरू केली. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसेडर बंगाल्यांतील उत्तरपाडा येथें १९५७ पासून होऊं लागली व २०१४ सालीं तिचें उत्पादन थांबलें. मुंबईस कुर्ला येथें होणाऱ्या प्रीमियर कंपनीच्या फियाट गाडीस १९७४ मध्यें पद्मिनी हें नांव मिळालें. तीहि बंद होऊन आतां बरींच वर्षें झालीं आहेत. कायद्यानें खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें चालते आणि त्यापुढें तपासणी करवून पांच-पांच वर्षांसाठीं ती वाढवून घ्यावी लागते. अशा रीतीनें सांभाळलेली, परंतु नवी म्हणून पुन्हां न मिळणारी गाडी केवळ तेलाच्या हयगयीनें घालविणें शहाणपणाचें नाहीं.

या गाड्यांच्या इंजिनांची मूळ घडण पुष्कळशी विसाव्या शतकाच्या मध्याची आहे. त्यांचे सांधे कॉर्क, कागद व नमदा यांच्या पॅकिंगनें बंद केलेले असत. हे पदार्थ उष्णतेनें वाळतात, आकसतात व कडक होतात. त्यांत आपल्याकडील मे महिना! पारा ४५ अंशांच्या वर जातो, गाडी शेतांत उन्हांत उभी राहते, आणि काळ्या मातीची धूळ इंजिनावर बसून तेलाशीं तिचा लगदा होतो. अशा स्थितींत वीस-तीस वर्षांचें पॅकिंग गळूं लागलें तर नवल नाहीं. नवल आहे तें निदानाच्या रीतीचें.

थेंब एकीकडे, दोष दुसरीकडे

धुऱ्यांतून पाणी फुटतें तेव्हां आपण काय करतों? पाणी जेथें बाहेर येतें तेथें नुसता मातीचा गोळा दाबून बसत नाहीं. उंदराचें बीळ वरच्या अंगास कोठें आहे तें शोधतों. इंजिनाचेंहि तसेंच आहे. तेल वरच्या झांकणापाशीं गळतें, इंजिनाच्या अंगावरून ओघळतें, गाडी चालतांना वाऱ्यानें मागें ढकललें जातें, आणि शेवटीं सर्वांत खालच्या टोंकावरून टपकतें. मालकास दिसतो तो हा शेवटचा थेंब.

या एका गोष्टीच्या अज्ञानानें किती पैसा जातो, याचें उदाहरण घ्या. समजा, एखाद्या बागाइतदाराच्या अँबॅसेडरखालीं, इंजिन व गिअर बॉक्स जेथें जोडलेलीं असतात तेथें, तेल टपकतें. मिस्त्री खालीं शिरून पाहतो व सांगतो कीं, इंजिनाच्या मागच्या अंगाची गळती आहे, गिअर बॉक्स उतरविला पाहिजे. काम होतें, चार-पांच दिवस गाडी अडकते, क्लचसुद्धां बदलला जातो. पुढें आठ दिवसांनीं थेंब पुन्हां त्याच जागीं! कारण तेल येत होतें तें वरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कांठांतून. तेथील पॅकिंग चेपलें होतें, व तेल इंजिनाच्या पाठीवरून उतरून खालीं येत होतें. जें काम एका नव्या पॅकिंगनें अर्ध्या तासांत झालें असतें, त्यासाठीं हंगामाचा पैसा खर्च झाला व दोष कायमच राहिला. असें होऊं नये म्हणून मिस्त्रीनें पाना हातांत घेण्यापूर्वींच मालकानें स्वतः परीक्षा करणें अगत्याचें आहे.

इंजिनांतील तेलाच्या दोन बाजू

परीक्षेपूर्वीं तेल कसें फिरतें तें ध्यानांत घ्यावें. इंजिनाच्या बुडाशीं जें भांडें असतें त्यास आपले मिस्त्री चेंबर म्हणतात. त्यांत साधारण चार लिटर तेल असतें. पंप तें उचलून फिल्टरमधून बेअरिंगांस व वरच्या रॉकरांस पोंचवितो. आपलें काम करून तें आपल्याच वजनानें पुन्हां चेंबरमध्यें उतरतें.

यावरून तेलाच्या दोन बाजू होतात. पंपापासून बेअरिंगांपर्यंतची बाजू दाबाची होय. पुष्कळ जुन्या इंजिनांत चालतांना हा दाब चौरस इंचास ४० ते ६० पौंड असतो. फिल्टर, तेलाच्या दाबाच्या घड्याळाकडे जाणारी बारीक नळी, दाब कमी झाल्यावर तांबडा दिवा लावणारें बटण, हीं सर्व या बाजूचीं आहेत. येथें चीर पडली तर थेंब नव्हे, धार लागते. चेंबर थोड्याच मैलांत रिकामें होऊं शकतें. दुसरी बाजू बिनदाबाची. टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर, चेंबरचें पॅकिंग, पुढील व मागील सील हीं या बाजूचीं. येथें तेल केवळ उडतें व ओघळतें; म्हणून गळती सावकाश होते.

यांतून पहिला नियम निघतो. जी गळती इंजिन बंद असतां थांबते व चालू होतांच जोरानें सुरू होते, ती बहुधा दाबाच्या बाजूची. तिच्याकडे त्याच दिवशीं लक्ष द्यावें. जी गाडी रात्रभर उभी असतांहि मंदपणें चालूच राहते, ती बहुधा चेंबरच्या पॅकिंगची अथवा तेल काढावयाच्या बुचाची.

तें तेल कोणतें?

गाडीखालचा प्रत्येक डाग इंजिनाच्या तेलाचाच असतो असें नाहीं. गाडी सपाट जागीं उभी करून रात्रीं तिच्याखालीं जुनीं वर्तमानपत्रें किंवा पांढरा पुठ्ठा पसरावा व पुढील चाकांच्या खुणा त्यावर कराव्या. सकाळीं डाग कोठें व कसला आहे तें पाहावें. इंजिनाचें तेल तपकिरी किंवा काळें असतें. डिझेल गाडीचें तर ओतल्यावर थोड्याच दिवसांत काळें होतें. गिअर बॉक्समध्यें ९० नंबरचें जाड तेल असेल तर त्यास गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेकचें तेल पातळ असून चाकांच्या आंतील बाजूस किंवा पायांच्या पट्ट्यांजवळ सांपडतें. रेडिएटरमधील पाणी बोटास तेलकट लागत नाहीं. त्यांत औषध घातलेलें असेल तर तें हिरवट वा लालसर दिसतें.

त्याच वेळीं तेलाची पातळी मोजण्याची पट्टी बाहेर काढून पाहावी. पट्टी सकाळीं, इंजिन थंड असतां, गाडी सपाटीवर असतां पाहावी; पुसून पुन्हां घालून मगच वाचावी. तेल वरच्या खुणेच्याहि वर असेल तर तेंसुद्धां गळतीचें कारण होतें, कारण फिरणारा क्रँक तें घुसळतो व सीलांवर फेंकतो. आणि जर पट्टीवरील तेल उतरत असेल पण जमिनीवर डागच नसेल, तर तेल गळत नसून जळत आहे असें समजावें. सकाळीं गाडी सुरू करतांना निघणारा निळसर धूर त्याची साक्ष देतो. त्यास पॅकिंग बदलणें हा उपाय नव्हे.

धुवावें, वाळवावें, मग पाहावें

घाणीनें माखलेल्या इंजिनाची परीक्षा कोणासहि करतां येत नाहीं. सर्वत्रच तेल दिसतें, म्हणून कोठेंच दिसत नाहीं. यास्तव पहिलें काम धुण्याचें.

इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें. डिस्ट्रिब्यूटर, डायनामो व हवेच्या फिल्टरचें तोंड प्लॅस्टिकच्या पिशवीनें बांधून झांकावें. लाकडी पट्टीनें जाड लगदा खरडून काढावा. मग रॉकेल किंवा डिझेल व जुना ब्रश घेऊन वरून खालीं घांसत यावें. पेट्रोलनें इंजिन कधींहि धुवूं नये. त्याची वाफ एका ठिणगीनें पेटते. शेवटीं साबणाचें पाणी व साधें पाणी मारून फडक्यानें पुसावें, आणि रॉकेलचा अंश उडून जाईपर्यंत गाडी सुरू करूं नये. खालीं पडणारें काळें पाणी विहिरीकडे किंवा नाल्याकडे वाहूं देऊं नये.

इंजिन वाळल्यावर ज्या सांध्यांचा संशय असेल त्यांवर शंखजिऱ्याची पूड हलक्या हातानें शिंपडावी. मग इंजिन सुरू करून दहा-पंधरा मिनिटें जागेवरच चालवावें. तेल तापून पातळ झालें म्हणजे पांढऱ्या पुडीवर काळी रेघ उमटूं लागते, व ती जेथून निघते तेंच उगमस्थान. पाहतांना दोन गोष्टी पाळाव्या: नेहमीं वरून खालीं पाहावें, आणि पुढून मागें पाहावें. सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा हीच दोषाची जागा धरावी. तिच्या खालचें व मागचें सर्व तिचेंच देणें असूं शकतें. विजेच्या दिव्यासमवेत एक लहान आरसा असला म्हणजे इंजिनाच्या मागचा कांठहि दिसतो. जागेवर कांहीं न दिसलें तर गाडी पांच-सात मैल चालवून आणावी व पुन्हां पाहावें. अलीकडे तेलांत मिसळण्याचा एक रंग मिळतो. जांभळ्या किरणांच्या दिव्याखालीं तो चमकतो व बारीक गळती दाखवितो. ज्या गॅरेजांत हें साधन असेल तेथें त्याचा उपयोग करून घ्यावा.

चालत्या इंजिनाजवळ वांकतांना उपरण्याचें टोंक, बाही अथवा गळ्यांतील माळ पंख्यांत सांपडणार नाहीं याची काळजी घ्यावी. गाडीखालीं शिरावयाचें असेल तर ती केवळ जॅकवर उचलून, अथवा विटांच्या ढिगावर टेकवून, मुळींच शिरूं नये. विटा फुटतात. पक्के लोखंडी स्टँड किंवा रेल्वेच्या स्लीपरासारखे जाड लांकडी ठोकळे घ्यावे.

इंजिनाचा श्वास

येथें एक कारण असें आहे कीं, जें बहुतेक लोक विसरतात व ज्यामुळें नवीं पॅकिंगेंहि टिकत नाहींत. पिस्टनच्या रिंगा कितीहि चांगल्या असल्या तरी थोडी जळकी वाफ त्यांच्या बाजूनें चेंबरमध्यें उतरतेच. ती बाहेर जावी म्हणून इंजिनास श्वासनळी ठेविलेली असते. मिस्त्री तिला ब्रीदर म्हणतात. ही नळी धुळीनें व चिकट्यानें बुजली म्हणजे आंत दाब साठतो, आणि जो सांधा सर्वांत दुबळा असेल त्यांतून तो तेल बाहेर ढकलतो. अशा इंजिनास एका जागीं बंद केलें तर तें दुसऱ्या जागीं गळतें. पुष्कळ जुन्या गाड्यांत तेल ओतावयाच्या झांकणांतहि तारेची जाळी असते. तीसुद्धां धुवून स्वच्छ ठेवावी लागते.

म्हणून कोणतेंहि पॅकिंग अथवा सील बदलण्यापूर्वीं ब्रीदरची नळी काढून रॉकेलनें धुवावी व फुंकून मोकळी आहे कीं नाहीं तें पाहावें. यास खर्च जवळजवळ कांहींच नाहीं, आणि कित्येक वेळां एवढ्यानेंच गळती निम्मी होते. नळी मोकळी असूनहि, इंजिन मंद चालत असतां तेलाचें झांकण उघडल्यावर भकाभक धूर बाहेर येत असेल, तर रिंगा व सिलिंडर झिजले आहेत असें समजावें. तेथें कॉम्प्रेशन मोजून घ्यावें. अशा इंजिनावर सीलांचा खर्च करणें म्हणजे भिंत खचत असतां चुना लावण्यासारखें होय.

गळतीचीं ठिकाणें व त्यांवर उपाय

१. टॅपेट कव्हर. इंजिनाच्या डोक्यावरील हें पत्र्याचें झांकण. गळतीचें हें सर्वांत सामान्य ठिकाण असून त्याचा उपाय सर्वांत स्वस्त आहे. जुनें पॅकिंग पूर्ण काढावें, दोन्ही कांठ स्वच्छ करावे, व पत्र्याचा कांठ सपाट फळीवर ठेवून तो वांकलेला नाहीं हें पाहावें. वांकला असेल तर लांकडावर ठेवून हलकेच ठोकून सरळ करावा. नवें पॅकिंग बसवून नट बेतानेंच आवळावे. गळतें म्हणून अधिक आवळणें हीच येथें मोठी चूक होते: कॉर्क चिरतो, पत्रा वांकतो, व पूर्वीं थेंब पडत होता तेथें ओघळ लागतो.

२. बाजूचीं झांकणें. अँबॅसेडरच्या जुन्या १४८९ सी. सी. पेट्रोल इंजिनास मॅनिफोल्डच्या खालीं बाजूस दोन लहान झांकणें असतात व तीं मधल्या एकेका बोल्टनें धरलेलीं असतात. तीं वरून दिसत नाहींत, म्हणून त्यांची गळती चेंबरच्या माथीं मारली जाते. बोल्ट फार आवळल्यानें हीं झांकणेंहि मध्यें खचतात. पॅकिंग बदलतांना मॅनिफोल्ड थंड असल्याची खात्री करावी.

३. फिल्टर. ज्या इंजिनांत फिल्टरचें भांडें निराळें असून आंत घालावयाचा भाग बदलतात, तेथें भांड्याच्या खांचेंत रबराची एक कडी असते. तेल बदलतांना जुनी कडी खांचेंतच चिकटून राहते व तिच्यावर नवी बसविली जाते. दोन कड्या एकावर एक बसल्या कीं गळती ठरलेलीच, आणि बाजू दाबाची असल्यामुळें ती धोक्याची. सुईनें खांच तपासून जुनी कडी काढल्याची खात्री करावी. फिरवून बसवावयाच्या फिल्टरच्या रबरास बसविण्यापूर्वीं थोडें तेल लावावें व तो हातानेंच घट्ट करावा.

४. दाबाची नळी व बटण. घड्याळाकडे जाणारी तांब्याची नळी हादऱ्यानें चिरते. रबराची नळी असेल तर ती फुगते. बटणाच्या तारेच्या टोंकाशीं तेल दिसलें तर बटणच बदलावें. या जागा स्वस्त आहेत, पण दुर्लक्ष महाग पडतें.

५. पुढील सील. क्रँकच्या पुलीमागें टायमिंग कव्हरांत हें बसविलेलें असतें. येथून गळणारें तेल पुलीनें उडून गोल आकारांत पसरतें व पंख्याच्या वाऱ्यानें सर्व इंजिनावर जातें. त्यामुळें अशी गाडी फार घाण दिसते. नवें सील बसवितांना त्याचा ओंठ तेलाकडे, म्हणजे आंतील बाजूस, असावा व त्यास तेल लावलेलें असावें. कोरडें सील पहिल्या मिनिटांतच जळतें. पुलीच्या दांड्यावर जुन्या सीलनें खांच पाडली असेल तर नवें सील तेथें टिकत नाहीं. तें किंचित् पुढेंमागें बसवावें किंवा दांड्यावर पातळ बाही चढवून घ्यावी.

६. चेंबर व त्याचें बूच. बुचाखालची तांब्याची वॉशर एकदां चेपली कीं कडक होते. ती दर वेळीं नवी घालावी. नसेल तर जुनी लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत बुडवावी, म्हणजे मऊ होते. चेंबर उतरविलें तर त्याचे बोल्ट समोरासमोरचे अशा क्रमानें थोडेथोडे आवळावे.

सांध्यांस लावावयाच्या पेस्टविषयीं एक सूचना. सिलिकॉनची पेस्ट उपयोगी आहे, परंतु ती बारीक रेघेएवढीच लावावी. जास्त लावलेली पेस्ट आंतील बाजूसहि दबून बाहेर येते, तिचे तुकडे सुटतात, व ते पंपाच्या जाळीवर बसून तेलाचा मार्ग बंद करतात. मग गळती थांबते, पण इंजिनहि थांबतें. तसेंच अति जुनीं पॅकिंगें खरवडतांना तीं ओलीं करून खरवडावीं. त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व त्याची धूळ फुफ्फुसास अपायकारक आहे.

मागील बाजूची गळती

आतां सर्वांत खर्चाच्या जागेकडे येऊं. इंजिनाचा क्रँक जेथें फ्लायव्हीलकडे बाहेर येतो तेथें तेल अडविण्याची व्यवस्था असते. जुन्या जीपच्या इंजिनांत तेथें विणलेल्या दोरीसारखें पॅकिंग असे. अँबॅसेडरच्या वर सांगितलेल्या इंजिनांत तर रबरी सीलच नाहीं. क्रँकवर स्क्रूसारखी आंटी कापलेली आहे, व क्रँक फिरूं लागला कीं ती आंटी तेलास मागें आंत लोटते. अर्थात् ही युक्ति क्रँक फिरत असतांच चालते. गाडी चढावर तोंड करून उभी केली म्हणजे तेल मागें साठून एक-दोन थेंब पडावयाचेच. हा रोग नव्हे, स्वभाव आहे. जें सील त्या इंजिनांत नाहींच, तें बदलण्याचे पैसे कोणी मागूं लागला तर मालकास एवढें ठाऊक असावें.

या जागेच्या गळतीचें अनुमान करण्यासाठीं क्लचच्या घराच्या बुडाशीं असलेलें लहान भोंक पाहावें. अँबॅसेडरमध्यें त्यांत एक पिन लोंबत असते. ती भोंक मोकळें ठेवण्यासाठीं आहे, काढून टाकूं नये. भोंकांतून तेल येत असून घराचा वरचा व बाहेरचा भाग कोरडा असेल, तरच गळती आंतील आहे. घराच्या बाहेरून ओघळ येत असेल तर दोष वर शोधावा. भोंकांतील तेलास गंधकाचा वास असेल तर तें गिअर बॉक्सचें.

गळती खरोखर मागील आहे असें ठरल्यावरहि घाई करूं नये. तेलाची पातळी योग्य आहे काय, ब्रीदर मोकळा आहे काय, तेल पुस्तकांत सांगितलेल्या जातीचेंच आहे काय, हें पुन्हां पाहावें. पुष्कळ जुन्या पेट्रोल गाड्यांस आपल्या हवेंत २०-डब्ल्यू-४० किंवा २०-डब्ल्यू-५० तेल चालतें. त्याहून पातळ तेल घातलें तर उन्हाळ्यांत गळती वाढते. उलट गळती लपविण्यासाठीं भलतें जाड तेल घातलें तर सकाळीं तें बेअरिंगांस उशिरा पोंचतें. मागचें बेअरिंग झिजून क्रँक हालत असेल तर कोणतेंहि पॅकिंग टिकणार नाहीं. तेथें बेअरिंगाचेंच काम करावें. हें सर्व पाहूनहि गळती थोडीच असेल, तर क्लचचें काम निघेपर्यंत थांबावें व दोन्ही कामें एकाच वेळीं करावीं. उतरविण्याची मजुरी एकदांच पडेल.

बाजारांत गळती बंद करणारीं औषधें मिळतात. तीं रबर किंचित् फुगवितात, त्यामुळें कडक झालेलें सील कांहीं दिवस चालतें. चिरलेल्या कॉर्कास किंवा आंटीच्या रचनेस त्यांचा कांहीं उपयोग नाहीं.

किती गळती सोसावी?

येथें हिशेब करावा. साधारण वीस ते तीस थेंबांचें एक मिलिलिटर होतें. दर पन्नास मीटरांस एक थेंब पडत असेल तर एका किलोमीटरास वीस थेंब, म्हणजे हजार किलोमीटरांत पाऊण ते एक लिटर तेल गेलें. पुष्कळ गाड्यांत पट्टीच्या दोन खुणांमधील अंतर सुमारें एक लिटरचें असतें. म्हणजे हजार किलोमीटर पट्टी न पाहणारा मालक गाडी धोक्याच्या खुणेवर आणून ठेवतो. रात्रीं उभ्या गाडीखालीं दोन-चार थेंब पडत असतील आणि पट्टी दर आठवड्यास पाहिली जात असेल, तर चिंतेचें कारण नाहीं.

परंतु चार प्रसंगीं गळती लहान असली तरी सोसूं नये: तेल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडून धूर निघत असेल तर, कारण त्यांत आगीचें भय आहे व तो धूर गाडींत बसणाऱ्यांच्या श्वासांत जातो, तेल क्लचवर जाऊन चढावर क्लच घसरत असेल तर, दाबाच्या बाजूस गळती असेल तर, आणि गळती एकाएकीं वाढली असेल तर. चालतां चालतां तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागला तर पुढच्या गांवापर्यंत जाऊं असें म्हणूं नये. इंजिन तेथल्या तेथें बंद करावें. बैल पाठविण्याचा किंवा ट्रॅक्टरनें ओढून आणण्याचा खर्च नव्या क्रँकच्या खर्चापुढें कांहींच नाहीं.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या हिताची. काढलेलें जळकें तेल वाळवीवर उपाय म्हणून कुंपणाच्या बुडाशीं ओतण्याची चाल आपल्याकडे आहे. तें तेल जमिनींत मुरतें व पावसाबरोबर विहिरीकडे जातें. २०१६ च्या नियमांनीं तें घातक टाकाऊ पदार्थांत धरलें आहे. बंद डब्यांत सांठवून तें अधिकृत पुनर्वापर करणाराकडे पोंचेल अशा गॅरेजांत द्यावें.

येथें सांगितलेली रीत मोटारीपुरतीच नाहीं. ट्रॅक्टर, विहिरीवरील डिझेल इंजिन व मळणीयंत्राचें इंजिन यांसहि ती तंतोतंत लागू आहे. तिचा क्रम थोडक्यांत असा: पट्टी पाहावी, तेल कोणतें तें ओळखावें, धुवावें, ब्रीदर मोकळा करावा, वरून खालीं व पुढून मागें पाहावें, स्वस्त जागा आधीं दुरुस्त कराव्या, आणि उतरविण्याचें काम सर्वांच्या शेवटीं, खात्री पटल्यावरच, करवावें. कोणता सांधा ओला आहे तें स्वतः डोळ्यांनीं पाहिलेला मालक गॅरेजांत गेला म्हणजे चांगल्या मिस्त्रीचें काम सोपें होतें, आणि न लागणाऱ्या कामाचे पैसे त्याच्याकडून कोणास सहसा घेतां येत नाहींत. पावसाळ्यापूर्वीं एक सकाळ या कामीं खर्च करावी, अशी आमची सर्व वाचकांस सूचना आहे.